पोटॅशच्या पिशवीपासून पारा-१८४ पर्यंत : गॅमा वर्णपट वाचायला कसं शिकायचं

सांगलीत कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा आणि म्युरेट ऑफ पोटॅश एक किलो सुटं मागा. ऊस-द्राक्षाला टाकतात तेच. एम.एस्सी. फिजिक्सची मुलं प्रोजेक्टसाठी आली की पहिल्या दिवशी मी त्यांना हीच खरेदी करायला पाठवतो. नुसत्या पोटॅशियमच्या एका ग्रॅममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ अणुकेंद्रकं फुटत असतात, कारण निसर्गातल्या पोटॅशियमचा ०.०११७ टक्के भाग पोटॅशियम-४० असतो. खताच्या वजनात साधारण निम्मं पोटॅशियम. म्हणजे किलोच्या पिशवीत सेकंदाला पंधरा हजारांच्या आसपास विघटनं होतात, आणि त्यांतल्या दर शंभरामागे साधारण अकरांतून १४६०.८ केईव्हीचा (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) गॅमा किरण बाहेर पडतो. डिटेक्टरला ही पिशवी लावून रात्रभर ठेवली की सकाळी स्क्रीनवर एक टेकाड उभं असतं. शेजारच्या रानात टाकलेल्या खताच्या केंद्रकाचा निरोप आपण ऐकला, हे मुलाच्या चेहऱ्यावर दिसतं. पुढची सगळी मेहनत त्या एका सकाळीवर उभी राहते.

हा लेख सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या त्या विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी आहे, ज्यांना न्यूट्रॉन कमी असलेल्या जड केंद्रकांची गॅमा स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे गॅमा किरणांच्या ऊर्जा मोजून केंद्रकाचा अभ्यास, करायची आहे, पण कॉलेजात त्वरक (ॲक्सिलरेटर) नाही म्हणून ती आपली नव्हे असं वाटतं. त्वरकावर जायचे दिवस वर्षातून पाच-सहा. बाकीचे साडेतीनशे दिवस काम कॉम्प्युटरसमोर असतं, आणि ते सांगलीच्या विश्रामबागेतल्या खोलीत बसूनही होतं. मात्र ते ज्या क्रमानं शिकायला हवं, तो क्रम सहसा कुणी सांगत नाही.

आधी, कुठल्या गावाला जायचंय

पाऱ्याचा सर्वांत हलका स्थिर समस्थानिक पारा-१९६. त्यातून बारा न्यूट्रॉन काढले की पारा-१८४ : ८० प्रोटॉन, १०४ न्यूट्रॉन. निसर्गात तो सापडत नाही. केला, तर अर्ध्या मिनिटात निम्मा संपतो. मग त्याच्यामागे कशाला लागायचं?

कारण या भागात केंद्रकाला एकच आकार असतो ही समजूत मोडते. ८२ प्रोटॉनांना कवच भरतं, त्यामुळे शिसं आणि त्याच्या शेजारचे पारा, थॅलियम हे गोल किंवा जवळपास गोल असायला हवेत. पण न्यूट्रॉन कमी करत ८२ आणि १२६ या दोन कवचांच्या बरोबर मध्यावर, म्हणजे १०४ जवळ आलं, की दोन-चार प्रोटॉन कवच ओलांडून वर जातात आणि केंद्रक लांबट होऊ बघतं. १९७२ साली सर्नच्या आयसोल्ड केंद्रात पाऱ्याच्या समस्थानिकांची त्रिज्या मोजताना पारा-१८७ वरून पारा-१८५ वर जाताच ती एकदम फुगलेली दिसली. पुढे समजलं की ही उडी १८१, १८३, १८५ या विषम समस्थानिकांतच आहे आणि त्यांच्या मधले सम समस्थानिक शहाण्यासारखे रेषेत बसतात. २००० साली शिसे-१८६ मध्ये शून्य परिवलनाच्या (स्पिनच्या) तीन ऊर्जा-पातळ्या सापडल्या, ०, ५३२ आणि ६५० केईव्हीवर. एक गोल, एक चपटी, एक लांबट, आणि तिघींमधलं अंतर एका एमईव्हीपेक्षाही (हजार केईव्हीपेक्षाही) कमी. एवढ्या जड केंद्रकाच्या एकूण बंधन-ऊर्जेपुढे हा फरक नगण्य आहे. निसर्गानं तीन आकार जवळजवळ एकाच किमतीत ठेवलेत, आणि तो फरक आपल्याला गॅमा किरणांतून वाचता येतो. मला या विषयानं धरून ठेवलं ते यासाठीच.

पहिली पायरी : एक डिटेक्टर आणि त्याचा स्वभाव

कॉलेजात बहुधा सोडियम आयोडाइडचा दोन इंची डिटेक्टर असतो. सीझियम-१३७, कोबाल्ट-६० आणि सोडियम-२२ चे छोटे सीलबंद किरणोत्सारी स्रोत असतात. स्रोत ब्रिटमधून (अणुऊर्जा विभागाच्या किरणोत्सारी साहित्य पुरवणाऱ्या संस्थेतून) रीतसर आलेले असावेत, नोंदवहीत काढल्या-ठेवल्याची वेळ आणि सही असावी, आणि काम झालं की ते शिशाच्या डब्यात परत जावेत. यात कधीच सूट नको. पोटॅशच्या पिशवीला यातलं काही लागत नाही, म्हणून सरावासाठी ती उत्तम.

सीझियम लावा. ६६१.७ ला मुख्य पीक (इंग्रजी peak, शिखर) येईल, ४७७ च्या आसपास कॉम्प्टनचा कडा (डिटेक्टरमध्ये थोडीच ऊर्जा ठेवून निसटलेल्या किरणांची हद्द), १८४ च्या जवळ मागे फिरून आलेल्या किरणांचा फुगवटा. या तिन्ही जागा आधी कागदावर सूत्रानं काढा, मग स्क्रीनवर बघा. मुलं उलट करतात, आणि मग प्रत्येक फुगवटा त्यांना नवा गॅमा किरण वाटतो.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे स्क्रीनवरच्या जागेवरून ऊर्जा काढायची रेषा. सोडियम-२२ चे ५११ आणि १२७४.५, सीझियमचा ६६१.७, कोबाल्टचे ११७३.२ आणि १३३२.५, पोटॅशचा १४६०.८. सहा बिंदू, एक रेषा. आणि इथंच सांगलीचा उन्हाळा आडवा येतो. एप्रिलमध्ये खोली दुपारी तापली की स्फटिकाचा प्रकाश आणि तो प्रकाश विद्युत-संकेतात वाढवणाऱ्या फोटोमल्टिप्लायरची वाढ दोन्ही बदलतात, आणि सकाळी बसवलेली रेषा चार वाजेपर्यंत सरकलेली असते. एका वर्षी माझ्या एका विद्यार्थ्यानं तीन दिवसांचं मोजमाप एकत्र केलं आणि प्रत्येक पीकला खांदा दिसू लागला. आम्ही त्या खांद्याचा अर्थ लावत आठवडा घालवला. तो फक्त दुपार आणि रात्र यांच्यातला फरक होता. तेव्हापासून नियम केला : मोजमाप तासातासाच्या फाइलींत तोडायचं, पोटॅशची पिशवी कायम शेजारी ठेवायची, आणि प्रत्येक तुकडा १४६०.८ वर पुन्हा बसवूनच बेरीज करायची. मोठ्या प्रयोगात प्रत्येक स्फटिकासाठी नेमकं हेच करतात.

दुसरी पायरी : दोन डिटेक्टर

एकट्या गॅमा रेषेला, म्हणजे वर्णपटातल्या एकट्या पीकला, अर्थ नसतो. अर्थ असतो तो ती कुणाबरोबर आली याला. आपल्याकडे नंदीबैल घेऊन हेळवी येतात आणि घराच्या कित्येक पिढ्या वहीतून वाचून दाखवतात. नुसतं 'पाटील' म्हणून त्यांना काही सांगता येत नाही. गाव सांगा, आजोबांचं नाव सांगा, मग पूर्ण वंश उलगडतो. गॅमा किरणांचंही तसंच. कुणाच्या पोटी कोण, हे सापडायला दोन किरण एकाच क्षणी यायला हवेत. याला कोइन्सिडन्स म्हणतात.

हे शिकायला कोबाल्ट-६० पुरेसा आहे. त्याच्या विघटनातून निकेल-६० ची वरची पातळी तयार होते, ती आधी ११७३ आणि लगेच १३३२ सोडते. दोन सोडियम आयोडाइड डिटेक्टर समोरासमोर लावा, एकात १३३२ वर खिडकी ठेवा आणि दुसऱ्यात काय येतं ते बघा. ११७३ येईल, १३३२ जवळजवळ जाईल. ही खिडकी म्हणजे गेट. पुढचं सगळं शास्त्र या एका शब्दात सामावलं आहे.

मग एक डिटेक्टर फिरवा. कोबाल्टच्या या जोडीत १८० अंशाला ९० अंशापेक्षा साधारण १७ टक्के जास्त जोड्या मिळायला हव्यात, कारण परिवलन ४ वरून २ आणि २ वरून ० असं उतरतं. १७ टक्क्यांचा फरक विश्वासानं दाखवायचा तर प्रत्येक कोनाला दहा हजार जोड्या लागतात, म्हणजे एक टक्का चूक. कमकुवत स्रोतावर याला दोन-तीन दिवस लागतात. ते द्या. वीज गेली तर पुन्हा द्या. पुढं थॅलियमच्या एखाद्या रेषेचं परिवलन ठरवताना जो संयम लागतो, तो या प्रयोगात तयार होतो, आणि त्याला दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

तिसरी पायरी : जर्मेनियम आणि कार्यक्षमता

सोडियम आयोडाइडमध्ये ६६२ ची रुंदी साधारण ४५ केईव्ही असते. जर्मेनियममध्ये १३३२ ची रुंदी २ केईव्हीच्या आसपास. जड केंद्रकात शंभर-दोनशे रेषा एकमेकींना खेटून असतात, तेव्हा जर्मेनियमला पर्याय नाही. देशात या कामासाठी इंगा, म्हणजे भारतीय राष्ट्रीय गॅमा डिटेक्टर संच आहे. चार-चार जर्मेनियम स्फटिकांचे क्लोव्हर डिटेक्टर, भोवती बीजीओ (बिस्मथ जर्मेनेट) स्फटिकाचं कवच. हा संच मुंबईच्या टीआयएफआर, दिल्लीच्या आययूएसी आणि कोलकात्याच्या व्हीईसीसी या संशोधन संस्थांमध्ये आळीपाळीनं लागत आला आहे.

क्लोव्हरमध्ये एक किरण एका स्फटिकात थोडी ऊर्जा ठेवून शेजारच्यात शिरतो. दोन्हींची बेरीज केली की तो परत मिळतो. बीजीओचं कवच त्यातून निसटलेले किरण ओळखतं आणि ती नोंद टाकून देतं. बेरीज करण्याआधी चारही स्फटिकांचं कॅलिब्रेशन एक दशांश केईव्हीपर्यंत जुळलेलं हवं, नाहीतर बेरीज पीक रुंद करते.

कार्यक्षमतेसाठी, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण डिटेक्टर पकडतो हे काढण्यासाठी, युरोपियम-१५२ आणि बेरियम-१३३ एकत्र वापरा. युरोपियम १२१.८ पासून १४०८.० पर्यंत सगळा पट्टा व्यापतो, बेरियम ८१.० पासून ३८३.८ पर्यंतचा खालचा भाग घट्ट करतो. जड केंद्रकांच्या कामात खालच्या भागाकडे विशेष लक्ष द्या. तिथे क्ष-किरण आहेत, आणि त्यांच्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

चौथी पायरी : अभिक्रिया निवडणं

न्यूट्रॉन कमी असलेलं केंद्रक करायचं म्हणजे दोन हलकी केंद्रकं जोडायची आणि तापलेल्या जोडगोळीतून न्यूट्रॉन उडू द्यायचे. हलक्या मूलद्रव्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जवळपास सारखे असतात, म्हणून त्यांची बेरीज जड भागात आपोआप न्यूट्रॉनगरीब निघते.

सरावाला ऑक्सिजन-१६ आणि टँटलम-१८१ घ्या. टँटलम जवळजवळ पूर्ण एकाच समस्थानिकाचं, पत्रा सहज मिळतो, महागडं शुद्धीकरण नको. ८ आणि ७३ मिळून ८१, म्हणजे थॅलियम. १६ आणि १८१ मिळून १९७. त्यातून चार न्यूट्रॉन गेले की थॅलियम-१९३, पाच गेले की थॅलियम-१९२. थॅलियमचा सर्वांत हलका स्थिर समस्थानिक २०३. आपण दहा-अकरा न्यूट्रॉन खाली उतरलो.

आता ऊर्जा. दोन्ही धनभारित, त्यामुळे मध्ये कूलॉम्बचा बांध. प्रोटॉनसंख्यांच्या गुणाकाराला १.४४ नं गुणा आणि दोघांमधल्या अंतरानं भागा. अंतर फेम्टोमीटरमध्ये धरायचं. इथं साधारण ११.८. उत्तर ७१ एमईव्ही. पण टँटलम जागेवर उभं असतं आणि बीमची (सोडलेल्या ऑक्सिजनच्या झोताची) काही ऊर्जा पूर्ण जोडगोळी पुढे ढकलण्यात जाते, म्हणून १९७ भागिले १८१ नं गुणा : ७८ च्या आसपास. ८८ घेतले तर बांध ओलांडून जोडगोळीत साधारण ५५ एमईव्ही उष्णता उरते. एक न्यूट्रॉन बाहेर पडताना दहा-बारा एमईव्ही नेतो. म्हणून चार-पाच न्यूट्रॉन. ८८ हा आकडा त्वरकालाही सोयीचा : पेलेट्रॉन या त्वरकावर ११ दशलक्ष व्होल्ट असतील आणि ऑक्सिजनवरून सात इलेक्ट्रॉन काढले असतील, तर ११ गुणिले आठ, बरोबर ८८. (एक पट वर जाताना ऋण भारामुळे, सात पट खाली येताना धन भारामुळे.)

एवढं हातानं काढा. मगच पेस किंवा लाइझ हे अभिक्रियेचा हिशेब करणारे प्रोग्राम चालवा. प्रोग्राम पहिल्यांदा चालवणारा मुलगा त्यातलं प्रत्येक उत्तर खरं मानतो. हातानं काढणाऱ्याला उत्तर कुठं बिघडलं ते लगेच कळतं.

पाचवी पायरी : बीमचे दिवस

याबद्दल थोडक्यात. सांगलीहून महालक्ष्मीनं रात्री निघालं की सकाळी सीएसएमटी, तिथून कुलाबा. तीन पाळ्या असतात, आणि नव्या मुलाला रात्रीची पाळी मिळते. त्या पाळीत करण्यासारखं काम एकच : वहीत लिहिणं. बीमचा प्रवाह, कोणता स्फटिक किती मोजतोय, कुणी काय बदललं, किती वाजता. सहा महिन्यांनी एखाद्या फाइलीत विचित्र काही दिसलं की ती वहीच सांगते की त्या वेळी द्रव नायट्रोजन भरत होते.

सहावी पायरी : मॅट्रिक्स आणि गेट

परत आल्यावर हाती कोट्यवधी नोंदी असतात. प्रत्येक नोंदीत दोन किंवा जास्त किरण, आणि वेळ. त्यांतून एक चौकोनी तक्ता करतात : आडव्या अक्षावर एका किरणाची ऊर्जा, उभ्यावर दुसऱ्याची. हा गॅमा-गॅमा मॅट्रिक्स. रॅडवेअर नावाचा प्रोग्रामसंच यासाठी जगभर वापरतात, तो फुकट आहे आणि साध्या लिनक्स संगणकावर चालतो.

गेट घेताना तीन सवयी लावा. पहिली, पीकच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच रुंदीची पार्श्वभूमी घ्या आणि वजा करा. एकाच बाजूची घेतली तर खोटी पीक उगवतात. दुसरी, गेट घेण्याआधी उत्तर लिहून ठेवा : कोणत्या रेषा दिसायला हव्यात आणि कोणत्या दिसता कामा नयेत. दुसरी यादी जास्त मोलाची असते. तिसरी, गेटमध्ये गेटचीच रेषा परत दिसली तर थांबा. एक किरण स्वतःबरोबर येऊ शकत नाही. दिसला, म्हणजे त्या जागी दोन किरण आहेत. पारा-१८६ मध्ये सर्वांत खालच्या दोन रेषा ४०५ आणि ४०३ अशा चिकटलेल्या आहेत. तिथं गेट टाकलं की हाच अनुभव येतो.

आता क्रम. रेषा एकत्र आल्या म्हणजे त्या एकाच जिन्यावर आहेत, पण कोणती पायरी वर आणि कोणती खाली हे तीव्रतेनं ठरतं. वरून वाटेत अनेक लहान वाटा येऊन मिळतात, म्हणून खालची पायरी जास्त तुडवलेली. इथं सर्वांत मोठी चूक होते : मुलं ऊर्जेप्रमाणे लावतात, लहान खाली, मोठी वर, कारण पुस्तकातला फिरणारा लांबट गोळा तसाच असतो. पारा-१८४ हा त्या सवयीवरचा उतारा. त्याच्या रेषा खालून वर : ३६७, २८७, ३४०, ४१८. सर्वांत खालची रेषा दुसरीपेक्षा मोठी आहे. ऊर्जेप्रमाणे लावणारा २८७ सर्वांत खाली ठेवेल आणि पूर्ण जिना चुकेल. खरी गोष्ट अशी की तळाशी केंद्रक किंचित चपटं आहे, आणि परिवलन ४ पासून वर लांबट आकाराचा जिना सुरू होतो. ३६७ हा त्या दोन घरांमधला उंबरठा. तीव्रता मोजली नसती तर हा आकारबदल आपल्याला दिसलाच नसता.

तीव्रता म्हणजे नुसता गॅमा किरण मोजून भागत नाही. जड केंद्रकात ऊर्जा गॅमा म्हणून न जाता आतल्या इलेक्ट्रॉनला देऊन टाकण्याची शक्यता मोठी असते. गळती रेषेच्या प्रकारावरही ठरते : ४०० केईव्हीच्या विद्युत-चतुर्ध्रुव (E2) रेषेत ती काही टक्के; १०० केईव्हीच्या चुंबकीय द्विध्रुव (M1) रेषेत गॅमापेक्षा इलेक्ट्रॉनच कित्येक पट. ब्रिक नावाच्या गणकातून हा गुणांक काढा आणि प्रत्येक तीव्रता एक अधिक गुणांकानं गुणा. हे विसरलं तर खालची अशक्त रेषा वरची वाटते.

आणि एक जागा, जिथं कोइन्सिडन्स गप्प बसतो. थॅलियम-१९३ मध्ये ९/२ परिवलनाची एक पातळी दोन मिनिटांहून थोडा जास्त काळ टिकते आणि मग ३६५ केईव्ही सोडून खाली येते. आपली वेळेची खिडकी शंभर नॅनोसेकंदांच्या घरातली. त्यामुळे त्या पातळीच्या वरचा जिना आणि खालचा ३६५ कधीच एकत्र दिसणार नाहीत. ३६५ वर गेट टाकून काही मिळत नाही म्हणून तो दुसऱ्या समस्थानिकाचा असं ठरवू नका. जिना जमिनीवर उभा नसेल, तर मध्ये कुठंतरी असा विसावा आहे का हे आधी बघा.

क्ष-किरण आणि घुसखोर

रेषा कुठल्या मूलद्रव्याच्या, हे सांगणारा सर्वांत जुना साक्षीदार म्हणजे त्याच्याबरोबर येणारा के-क्ष-किरण. थॅलियमचा ७२.९, पाऱ्याचा ७०.८, शिशाचा ७५.०. पण त्यात एक फसवणूक आहे, आणि तिनं मला एकदा महिनाभर चुकीच्या वाटेला लावलं होतं. प्रत्येक मूलद्रव्याचे असे दोन मुख्य किरण असतात, आणि एकाचा दुसरा किरण खालच्या मूलद्रव्याच्या पहिल्यावर जवळजवळ बसतो. थॅलियमचा दुसरा ७०.८३, पाऱ्याचा पहिला ७०.८२. जर्मेनियमला हा फरक कळणं शक्यच नाही. माझ्या गेटमध्ये ७०.८ दिसला आणि मी तो जिना पाऱ्याला देऊन टाकला. सुटका प्रमाणात आहे : एकाच मूलद्रव्यात दुसरा किरण पहिल्याच्या साधारण ६० टक्के असतो. ७०.८ हा ७२.९ च्या साठ टक्क्यांइतकाच असेल तर फक्त थॅलियम. त्याहून बराच जास्त असेल तर पाराही आहे. माझ्याकडे प्रमाण बरोबर साठाचं होतं. मी मोजलंच नव्हतं.

घुसखोरांची, म्हणजे आपल्या केंद्रकाच्या नसलेल्या रेषांची, यादी भिंतीवर लावा. टँटलमच्या पत्र्यातून १३६ आणि ३०२. बीमपाईप आणि चेंबरच्या ॲल्युमिनियममधून ८४४ आणि १०१४, लोखंडातून ८४७. जर्मेनियममध्येच न्यूट्रॉन शिरले की ५९६ आणि ६९१-६९३ ला उजवीकडे लांब उतार असलेली त्रिकोणी टेकडी, जी बघताक्षणी ओळखता यायला हवी. आणि सदैव ५११ आणि १४६०.८. त्या शेवटच्याशी तर आपली ओळख पोटॅशच्या पिशवीपासूनची.

परिवलन आणि समता

जिना लागला, पण पायऱ्यांवर परिवलन लिहायचं तर किरण कोणत्या दिशेला जास्त गेले ते हवं. १५७ आणि ९० अंशांच्या डिटेक्टरांचा वेगळा मॅट्रिक्स करा, दोन्ही बाजूंनी गेट घ्या, आणि तीव्रतांचं गुणोत्तर काढा. चतुर्ध्रुव रेषेवर गेट असेल तर चतुर्ध्रुव सोबत्याचं गुणोत्तर १ च्या जवळ आणि शुद्ध द्विध्रुवाचं निम्म्याच्या जवळ येतं. ०.७ आलं तर घाई नको. ते मिश्रण असू शकतं. इथं कोबाल्टवरचे ते तीन दिवस कामाला येतात.

रेषा विद्युत की चुंबकीय, ज्यावरून पातळीची समता (पॅरिटी) ठरते, हे क्लोव्हर स्वतः सांगतो. ९० अंशावरच्या क्लोव्हरमध्ये किरण बीमच्या प्रतलाला लंब दिशेच्या शेजारच्या स्फटिकात जास्त उडाला की समांतर, हे मोजा. लंब जास्त तर विद्युत, समांतर जास्त तर चुंबकीय. स्फटिकांच्या मूळ असमानतेची दुरुस्ती युरोपियमच्या स्रोतावरून आधी काढून ठेवलेली हवी.

डॉप्लरचं, म्हणजे उडत्या केंद्रकातून सुटलेल्या किरणाची ऊर्जा दिशेप्रमाणे बदलते त्याचं, सोपं आहे. आपल्या अभिक्रियेत जोडगोळी प्रकाशाच्या ०.९ टक्के वेगानं पुढं उडते. १५७ अंशाला ५०० केईव्हीची रेषा ४ केईव्हीनं खाली सरकते. जाड टार्गेटमध्ये केंद्रक पिकोसेकंदात थांबतं, म्हणून हळू उतरणाऱ्या रेषा जागेवरच राहतात. जिन्याच्या वरच्या रेषा पसरट दिसल्या तर पहिला संशय याचा घ्या.

आणखी जड, आणखी न्यूट्रॉनगरीब

शिशाच्या पलीकडे आणि न्यूट्रॉन अजून कमी करत गेलं की जोडगोळी न्यूट्रॉन सोडण्याऐवजी दुभंगते. शेकडो विखंडन-तुकड्यांचे किरण सगळीकडे पसरतात आणि हव्या त्या केंद्रकाचा आवाज त्या गर्दीत बुडतो. तेव्हा वेगळी युक्ती लागते : उडालेलं केंद्रक चुंबकी विभाजकातून बाजूला काढायचं, सिलिकॉनच्या पट्टीत रुतवायचं, आणि ते त्याच जागी ओळखीच्या ऊर्जेचा अल्फा कण सोडेपर्यंत थांबायचं. अल्फा आला की मागं वळून, ते जन्मलं त्या क्षणाचे गॅमा किरण काढायचे. फिनलंडमधल्या युवास्कुला इथं हे काम वर्षानुवर्षं चाललं आहे, आणि दिल्लीत आययूएसीमध्ये हायरा नावाचा वायुभरित विभाजक आहे. ज्यांना पीएच.डी.पर्यंत जायचंय त्यांनी अल्फा क्षयाच्या ऊर्जांची ओळख आतापासून करून घ्यावी.

आज रात्रीचा गृहपाठ

कॉलेजात काहीच उपकरण नसेल तरी एक काम आज करता येतं. ब्रुकहेव्हनच्या न्यूडॅट संकेतस्थळावर पारा-१८४ च्या पातळ्या उघडा. ०, ३६७, ६५४, ९९४, १४१२. परिवलनं ०, २, ४, ६, ८. आलेखकागदाच्या आडव्या अक्षावर परिवलन गुणिले परिवलन अधिक एक घ्या, म्हणजे ०, ६, २०, ४२, ७२. उभ्यावर ऊर्जा. फिरणाऱ्या लांबट केंद्रकाचे बिंदू सरळ रेषेत येतात. वरच्या दोन बिंदूंतून रेषा काढा : ४१८ भागिले ३०, म्हणजे दर एककाला १३.९ केईव्ही. आता ती रेषा डावीकडे शून्यापर्यंत वाढवा. ती तळाला जाऊन मिळत नाही. ४०९ च्या आसपास उभ्या अक्षाला लागते. याचा अर्थ लांबट आकाराचं स्वतःचं शून्य परिवलनाचं घर तिथं कुठंतरी असायला हवं. मग न्यूडॅटच्या यादीत दुसरी शून्य परिवलनाची पातळी शोधा. ती ३७५ वर आहे.